ई३९ एम५: सांभाळणाऱ्याच्या नजरेतून एक जुनी वेगवान सेदान

बीएमडब्ल्यूच्या फाइव्ह सिरीजची ई३९ पिढीतली वेगवान आवृत्ती, एम५, थंड असताना सुरू केली की टॅकोमीटरच्या (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या तबकडीच्या) कडेने पिवळसर दिव्यांची एक माळ उजळते. इंजिनातले ऑइल जसजसे तापत जाते तसतसा तिच्यातला एकेक दिवा विझतो, आणि इंजिन आत्ता किती फेऱ्यांपर्यंत नेण्यास हरकत नाही हे चालवणाऱ्याला समजते. गेली सहा वर्षे ही गाडी माझ्याकडे आहे. कोणी नवखा शेजारच्या आसनावर बसला आणि ‘दाबा की जरा’ म्हणाला, की मी त्याला आधी ती माळ दाखवतो. निम्मे दिवे अजून लागलेले असतात आणि त्याच्या चेहऱ्यावरचा हिरमोड लपत नाही. ही गाडी ज्याला घ्यायची आहे त्याला हा हिरमोड रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटे आनंदाने सोसता आला पाहिजे. तसे होत नसेल, तर पुढे लिहिलेल्या कोणत्याही गोष्टीचा त्याला उपयोग नाही.

गाडीची ओळख थोडक्यात करून देतो. १९९८ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती प्रथम दाखवली गेली आणि २००३ पर्यंत डिंगोल्फिंगच्या कारखान्यात, साध्या फाइव्ह सिरीजच्याच उत्पादन-रांगेवर, ती तयार होत होती; आधीच्या एम५ हाताने जुळवल्या जात, ही तशी नव्हती. बॉनेटखाली ४,९४१ घनसेंटिमीटरचे आठ सिलिंडरांचे एस६२ इंजिन आहे. ते मिनिटाला ६,६०० फेऱ्यांना ४०० अश्वशक्ती आणि ३,८०० फेऱ्यांना ५०० न्यूटन-मीटर टॉर्क देते. टर्बो नाही. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) आहे. गिअरबॉक्स सहा गिअरचा आणि फक्त हाताने टाकण्याचा; ऑटोमॅटिकचा पर्याय या पिढीला कधीच मिळाला नाही. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला कंपनीच्या आकड्यानुसार ५.३ सेकंद लागतात आणि ताशी २५० ला इलेक्ट्रॉनिक लगाम बसतो. आजच्या मोजमापाने हे आकडे डोळे दिपवणारे नाहीत, पण चार माणसे आणि त्यांचे सामान घेऊन दिवसभर न थकता पळणारी आणि तरीही चालवणाऱ्याला प्रत्येक गिअरमध्ये काम देणारी अशी दुसरी सेदान मी तरी चालवलेली नाही. चालवण्याच्या बाबतीत माझे मत एवढ्यात संपते. खरे मूल्यमापन पुढे आहे, कारण ही गाडी आता वीस वर्षे ओलांडून गेलेली आहे आणि या वयात तिचे गुणदोष रस्त्यावर कमी आणि गॅरेजच्या लिफ्टखाली जास्त दिसतात.

सर्वांत आधी ऑइल. मार्च २००० पर्यंत बांधलेल्या इंजिनांसाठी कंपनीने मुळात ५डब्ल्यू-३० प्रतीचे ऑइल सुचवले होते. त्यानंतरच्या इंजिनांसाठी ते बदलून १०डब्ल्यू-६० केले गेले. शेवटचा साठाचा आकडा तापलेल्या ऑइलच्या दाटपणाचा आहे, आणि ७,००० फेऱ्यांपर्यंत जाणाऱ्या एवढ्या मोठ्या इंजिनात बेअरिंगवर ऑइलचा थर टिकून राहण्यासाठी तो दाटपणा लागतो. मात्र दाट ऑइलची दुसरी बाजू अशी की थंड असताना ते उशिरा वाहते, आणि म्हणूनच ती दिव्यांची माळ शोभेची नाही. पातळ ऑइलने मायलेज वाढते असे सांगून वेगळेच ऑइल भरून देणारी मंडळी भेटतात. त्यांना नम्रपणे नकार द्यावा. भरण्याचे प्रमाण फिल्टरसह साडेसहा लिटर आहे. गाडीचा स्वतःचा सर्व्हिस-निर्देशक ऑइल बदलण्यासाठी बरीच लांबची मुदत देतो. मी ती मानत नाही आणि दर ८,००० किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा, ऑइल बदलतो. बदलताना जुना फिल्टर उघडून त्याच्या घड्यांमध्ये बोट फिरवून पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे. घड्यांत काळा ओशट थर असतो, तो नेहमीचा; पण उजेडात धरल्यावर चमकणारे कण दिसले तर गाडी तिथेच थांबवून बेअरिंगची तपासणी करावी.

दोन ऑइल-बदलांच्या मधे हे इंजिन थोडे ऑइल खाते. आरंभीच्या इंजिनांत हे प्रमाण अधिक होते आणि पुढे पिस्टनच्या रिंगांमध्ये सुधारणा झाली. खाण्याची चिंता करण्यापेक्षा पातळी पाहण्याची शिस्त महत्त्वाची, कारण जोरदार वळणात ऑइल सिलिंडर-हेडच्या एका अंगाला ढकलले जाते, ते परत खेचून आणण्यासाठी या इंजिनात वेगळी व्यवस्था आहे, आणि डिपस्टिकवरच्या (ऑइलची पातळी मोजण्याच्या पट्टीवरच्या) खालच्या खुणेशी रेंगाळणाऱ्या पातळीवर तिची परीक्षा पाहणे शहाणपणाचे नाही. माझी स्वतःची चूक मात्र नेमकी उलट दिशेची होती. एकदा घाईत, किंचित उतारावर उभ्या असलेल्या गाडीची डिपस्टिक पाहून मी अर्धा लिटर ऑइल ओतले आणि घरी सपाट जागेवर पुन्हा पाहिले तेव्हा पातळी वरच्या खुणेच्या चांगलीच वर गेलेली होती. जादा ऑइल डिपस्टिकच्या नळीतून पिचकारीने उपसून काढण्यात माझी एक संध्याकाळ गेली. तेव्हापासून नियम असा: सपाट जमीन, चालून तापलेले इंजिन, बंद केल्यावर पाच मिनिटांची विश्रांती, आणि डिपस्टिक पुसून दोनदा.

तापमानाच्या काट्यांविषयी नव्या मालकाला एक गोष्ट कोणीतरी सांगणे आवश्यक आहे. इतर ई३९ मध्ये जिथे इंधन-वापराचा काटा असतो, तिथे एम५ मध्ये ऑइलच्या तापमानाचा काटा आहे आणि तो प्रामाणिक आहे. कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) काटा तसा नाही. तापमानाच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात तो जाणूनबुजून मध्यावर स्थिर ठेवलेला असतो, म्हणजे चालवणारा उगाच घाबरू नये; परिणामी तो मध्य सोडून उजवीकडे सरकलेला दिसतो तेव्हा दुखणे पुष्कळ पुढे गेलेले असते. यावर एक सोपा उपाय गाडीतच दडलेला आहे. ट्रिपचा आकडा शून्य करण्याची कळ दाबून धरून किल्ली फिरवली की डॅशबोर्डच्या पडद्यावर गुप्त चाचण्यांची यादी उघडते, आणि तिचे कुलूप काढून सातव्या चाचणीत गेले की कूलंटचे खरे तापमान अंशांत दिसत राहते. मी लांबच्या प्रवासात आणि वाहतुकीच्या कोंडीत तो आकडा उघडाच ठेवतो. कूलिंगच्या यंत्रणेतले प्लॅस्टिक, म्हणजे रेडिएटरच्या कडा, कूलंटची टाकी आणि पाइपांचे सांधे, उष्णतेने ठिसूळ होत जाते आणि ठिसूळ प्लॅस्टिक आधी सूचना देत नाही. म्हणून हे भाग फुटण्याची वाट न पाहता रेडिएटर, टाकी, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, नळ्या आणि पट्ट्याच्या पुल्या एकत्र बदलून घ्याव्यात. एकेक भाग बदलत गेल्यास दरवेळी तेच कूलंट उपसणे, तेच पंखे उतरवणे आणि तीच मजुरी पदरी पडते.

इंजिनाच्या बाकीच्या दुखण्यांची भीती जितकी पसरलेली आहे तितकी ती खरी नाही. टायमिंगची साखळी आहे, रबरी पट्टा नाही. टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) हायड्रॉलिक असल्यामुळे ठराविक अंतराने व्हॉल्व्हचा गाळा बसवण्याचे खर्चिक काम या इंजिनाला लागत नाही. सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद डिझेलसारखी खडखड ऐकू येणे हे व्हॅनॉसचे, म्हणजे कॅमशाफ्टची वेळ मागेपुढे करणाऱ्या यंत्रणेचे, वय झाल्याचे लक्षण आहे. खडखड लगेच थांबत असेल तर लक्ष ठेवावे, लांबत गेली तर दुरुस्ती पुढे ढकलू नये. हवा मोजणारे दोन सेन्सर आणि कॅमशाफ्टची स्थिती सांगणारे चार सेन्सर हे झिजण्याचे भाग समजूनच चालावे. हवेचे सेन्सर अचानक बंद पडत नाहीत, हळूहळू खोटे बोलू लागतात, आणि मालकाला गाडी मंदावल्याचे महिनोन्‌महिने कळत नाही, कारण मंदावलेली एम५ सुद्धा रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांपेक्षा वेगवानच असते. माझ्या गाडीत नवे सेन्सर बसवल्यावर चौथ्या गिअरमधला ओढा बदललेला मला पहिल्याच चढावर जाणवला. पेट्रोल ९८ ऑक्टेनचे मिळत असेल तर तेच भरावे. कमी ऑक्टेनवर नॉक-सेन्सर (पेट्रोल अवेळी पेटल्याचा ठोका ओळखणारे सेन्सर) इंजिनाला सांभाळून घेतात, पण त्या बदल्यात ताकद काढून घेतात.

आता चाके आणि टायर, ज्यांवर मी इंजिनापेक्षा जास्त वेळ घालवला आहे. पुढे २४५/४०, मागे २७५/३५, दोन्ही अठरा इंची. पुढची-मागची मापे वेगळी असल्याने टायर पुढून मागे फिरवून झीज सारखी करण्याची सोय नाही, आणि एकाच दिशेने फिरणारी नक्षी असलेले टायर घेतले तर डावीकडचा उजवीकडेही जात नाही. मागचे टायर पुढच्यांपेक्षा आधी संपतात. हे गृहीत धरून एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे टायर मिळत राहतील असे पाहून निवड करावी. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार अंकांतून त्याचा आठवडा आणि वर्ष वाचता येते, उदाहरणार्थ २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. कमी चालणाऱ्या गाड्यांत नक्षी भरपूर शिल्लक असते आणि रबर मात्र कडक होऊन गेलेले असते, विशेषतः मागचे, आणि चारशे अश्वशक्तीला ते ओल्या रस्त्यावर पुरे पडत नाही. टायरमधली हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असतानाच पाहावी. डिकीत स्टेपनी नाही. तिची जागा दोन मोठ्या सायलेन्सरांनी खाल्ली आहे. तिच्याऐवजी पंक्चर बुजवणारी बाटली आणि हवेचा छोटा पंप मिळतो. त्या बाटलीवर मुदत छापलेली असते आणि जुन्या गाड्यांत ती बहुधा केव्हाच उलटून गेलेली असते. ती आजच जाऊन पाहावी.

चाकांच्या बाबतीत मी एक मूर्खपणा केला, तो इतरांनी करू नये म्हणून सांगतो. वापरलेल्या अठरा इंची चाकांचा एक देखणा संच मला मिळाला. बोल्टांची संख्या पाच, त्यांच्या वर्तुळाचा व्यास १२० मिलिमीटर, सगळे जुळत होते, आणि त्याच कंपनीच्या गाडीची चाके म्हटल्यावर मी पुढचे काही विचारलेच नाही. घरी येऊन पहिले चाक लावायला घेतले तर ते हबवर (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर) बसेचना; कडेला टेकायचे आणि तिथेच अडायचे. ई३९ च्या हबचा व्यास ७४.१ मिलिमीटर आहे आणि त्याच कंपनीच्या बहुतेक इतर गाड्यांचा ७२.६. दीड मिलिमीटरचाच फरक, पण भोक लहान असल्याने त्यावर जोर चालत नाही. चाके परत विकली. विकणाऱ्याचा यात दोष नव्हता, मोजपट्टी न काढणाऱ्याचा होता.

दुसरा अनुभव एका गॅरेजचा आहे, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण ही खोड सगळीकडे आढळते. टायर बदलून देताना तिथल्या मुलाने हवेच्या बंदुकीने चाकांचे बोल्ट आवळले. दोन महिन्यांनी ब्रेक पाहण्यासाठी मी चाक काढायला गेलो तेव्हा पाना वाकायची वेळ आली, शेवटी पान्यावर हातभर लांब लोखंडी नळी चढवून आणि तिच्यावर शरीराचा सगळा भार टाकून एकेक बोल्ट कडाड आवाज करत सुटला. सुदैवाने हबचे आटे शाबूत राहिले. ठरलेला टॉर्क १२० न्यूटन-मीटर आहे आणि तो मोजून देणारा पाना फार महाग नसतो. मी आता तो डिकीतच ठेवतो आणि टायरवाल्याला ‘शेवटची आवळणी माझी’ असे आधीच सांगतो. या गाडीला नट नसून बोल्ट आहेत, त्यामुळे जड चाक एका हाताने तोलून दुसऱ्या हाताने भोक जुळवावे लागते. हबमध्ये आधी एक लांब मार्गदर्शक खिळा फिरवून ठेवला की चाक त्यावर टांगता येते आणि कमरेवरचा ताण वाचतो.

ब्रेक हा या गाडीचा सर्वांत दुबळा भाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या डिस्क ३४५ मिलिमीटरच्या, मागच्या ३२८ च्या. आकाराला नावे ठेवायला जागा नाही. पण कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) एकाच पिस्टनचे, सरकणारे आहेत, आणि पावणेदोन टनांच्या आसपासचे वजन घाटातल्या लागोपाठच्या वळणांवर रोखताना पॅडल हळूहळू मऊ पडल्याचे जाणवते. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतात त्या दरवर्षी काढून स्वच्छ कराव्यात, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे (क्लचलाही तेच ऑइल लागते, त्यामुळे क्लचची नळीही त्याच वेळी धुऊन घेता येते), आणि पॅड बदलताना डिस्कची जाडी मोजून तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्याशी ताडून पाहावी. एवढे केले तर रोजच्या वापरात तक्रार राहत नाही.

ताशी ८० ते १०० च्या वेगात ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरू लागले की बहुतेक जण डिस्क वाकडी झाली असे म्हणून ती बदलतात, आणि थरथर पुन्हा परत येते. ई३९ मध्ये मूळ कारण पुष्कळदा पुढच्या सस्पेन्शनच्या दांड्यांतले द्रव भरलेले रबरी बुश (सांध्यातली गादी) असते. ते फाटले की त्यातला द्रव गळून जातो आणि डिस्कमधला नगण्य दोषही हातापर्यंत पोहोचू लागतो. गाडी लिफ्टवर असताना बुशाभोवती तेलकट काळा डाग दिसतो का, ते पाहावे. आठ सिलिंडरांच्या ई३९ ला रॅक-पिनियन स्टिअरिंग नसून जुन्या पद्धतीचा गोळ्यांचा गिअरबॉक्स आहे, म्हणून मध्यावर थोडीशी सैलसर जाणीव ही तिची प्रकृतीच आहे. ती वाढली तर मात्र आधी सांधे आणि आयडलर आर्म (स्टिअरिंगच्या दांड्यांना आधार देणारा हात) तपासावेत. सगळे रबर नवे झाल्याशिवाय अलाइनमेंट करण्यात अर्थ नाही.

क्लच, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअर-संच) यांच्याविषयी थोडक्यात. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे ऑइल ‘आयुष्यभराचे’ म्हणून सांगितले जाते. हे आयुष्य कोणाचे, असा प्रश्न विचारून ते दर ६०,००० किलोमीटरला बदलावे. डिफरन्शियल मर्यादित घसरणीचे, आत क्लचच्या चकत्या असलेले आहे, त्याला त्यासाठीचेच खास ऑइल लागते. साधे भरल्यास हळू वेगातल्या घट्ट वळणात मागून कुरकूर ऐकू येऊ शकते.

विजेच्या किरकोळ तक्रारी या पिढीच्या सगळ्याच गाड्यांना आहेत. डॅशबोर्डवरच्या अक्षरांचे ठिपके उडतात. एसीचा पंखा मनाला येईल तसा वागू लागला किंवा बॅटरी रात्रीत उतरू लागली तर पंख्याचा वेग ठरवणारा तो छोटा, काटेरी पाठीचा भाग आधी बदलावा. मागच्या आसनाखालचा गालिचा ओला लागला तर दाराच्या आतील अस्तराचा डिंक सुटला आहे असे समजावे. तो पुन्हा चिकटवणे हे एका दुपारचे, स्वस्तातले काम आहे, न केल्यास मात्र खालची तारांची जुडगी गंजते.

माझे मत विचाराल तर या गाडीवर ताकद वाढवण्यासाठी खर्च करणे म्हणजे पैसे चुकीच्या टोकाला लावणे आहे. एक्झॉस्ट, संगणकाची नवी प्रणाली, हवेचे मोठे फिल्टर यांवर जेवढे जाते तेवढ्यात चारही कोपऱ्यांचे रबर, डँपर (शॉक अब्सॉर्बर) आणि उत्तम टायर होतात, आणि त्यानंतर गाडी नव्याने हातात आल्यासारखी वाटते. ‘स्पोर्ट’ची कळ दाबली की थ्रॉटल तिखट होतो आणि स्टिअरिंग जड, मी ती फारशी दाबत नाही, कारण मूळचा थ्रॉटलच पुरेसा बोलका आहे आणि शहरातल्या हळू वाहतुकीत तिखट थ्रॉटलने उगाच गचके बसतात. गाडी आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालवावी. झाकून ठेवलेल्या गाडीचे सील सुकतात, डिस्क गंजतात आणि टायरला सपाट ठिगळ पडते. केवळ सुरू करून पाच मिनिटांत बंद करण्याने तर ऑइलमध्ये पाणी साठण्यापलीकडे काही साधत नाही.

विकत घेणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. सप्टेंबर २००० नंतरच्या गाड्यांना पुढच्या दिव्यांभोवती गोल कडी आहेत आणि त्यांना मागणी जास्त असते. मी मात्र दिव्यांपेक्षा बिलांच्या फाइलची जाडी पाहीन. कूलिंगचे भाग, बुश, हवेचे सेन्सर, क्लच यांच्या पावत्या तारखांसह असतील तर अधिक किलोमीटर चाललेली गाडीही घ्यावी; पावत्या नसतील तर कमी चाललेलीही नाकारावी. पाहायला जाण्याआधी मालकाला फोन करून इंजिन थंड ठेवायला सांगावे, म्हणजे व्हॅनॉसची खडखड ऐकता येते आणि दिव्यांची ती माळ पूर्ण लागते की नाही हेही कळते. तिथे पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवावा. तो कोमट लागला, तर चहा नाकारून ‘उद्या सकाळी पुन्हा येतो’ असे सांगून निघावे.